शेळी आत, कुत्रं बाहेर : ३९ टक्क्यांचा अर्थ लावताना

खंड्याला मामाच्या वस्तीवर सोडायला गेले तेव्हा सोबत एक कापडी पिशवी होती. तिच्यात सावेडीतल्या दुकानातून घेतलेलं, चावलं की चूं करणारं रबरी हाड, चिकनच्या चवीच्या काड्यांची दोन पाकिटं, अंगावर घालायचं थंडीचं जॅकेट आणि घुंगरू लावलेला लाल पट्टा. मामी पिशवी बघून हसली. "लेकीची करतात तशी पाठवणी केलीस गं याची."

नगरला एम.एस्सी. करताना आम्ही पाच-सहा जण रस्त्यावरची आजारी, गाडीखाली सापडलेली पिल्लं उचलायचो, जनावरांच्या दवाखान्यात न्यायचो आणि बरी झाली की कुणाच्या तरी घरी दत्तक द्यायचो. देण्याआधी एक फॉर्म भरून घ्यायचो. तो फॉर्म मीच बनवला होता. घरात माणसं किती? आधी कुत्रं पाळलंय का? लस कोण देणार? नसबंदी करणार का? गच्चीला कठडा आहे का? मामाने तो फॉर्म मुकाट्याने भरला. गच्चीच्या रकान्यात 'पत्रा आहे' असं लिहिलं.

आठ महिन्यांनी, ऐन थंडीत, मामाचा फोन आला. "खंड्याला नेलं गं वाघाने." (आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.) उसाच्या कडेला पट्टा सापडला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून शेळ्यांचं विचारलं. मामा म्हणाला, "त्या आत होत्या, म्हणून वाचल्या." हे वाक्य तेव्हा मी नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ पुढे दोन वर्षांनी, पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये एक पेपर वाचताना लागला. आजचा लेख त्या पेपरवर आहे, आणि एखादा टक्का आपण कसा वाचतो यावर.

पेपर आपल्याच जिल्ह्यातला आहे. अकोले तालुक्यातला, म्हणजे प्रवरेच्या खोऱ्यातलं अकोले; विदर्भातलं अकोला वेगळं. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी मॉर्टन ओडेन, जॉन लिनेल, जगदीश कृष्णस्वामी आणि उल्हास कारंथ यांनी तो लिहिला. नाव 'अ कॅट अमंग द डॉग्ज', जर्नल ओरिक्स. ऑनलाइन २०१४ मध्ये आला, छापील अंकात २०१६ मध्ये. शोधताना एक लक्षात ठेवा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण या विषयावरचं जुनं सगळं साहित्य 'अहमदनगर' या नावाखाली आहे. नवं नाव टाकून शोधलंत तर डेटाबेस तुम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवेल, आणि मग सिनॉप्सिसमध्ये 'या भागात काम झालेलं नाही' असं लिहिलं जातं. असं लिहिलेला एक सिनॉप्सिस मी पाहिला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. याच गटाचा २०१३ चा प्लॉस वन मधला पेपर सांगतो की अकोल्याच्या शेतजमिनीत, जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात आणि हरिण-सांबरासारखं जंगली भक्ष्य नाही, तिथे दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ बिबटे होते. तेवढेच तरस. हे अभयारण्य नाही. ऊस, मका, वस्त्या, दुधाच्या गाड्या, कारखान्याचे ट्रॅक्टर असा हा मुलूख. ज्यांनी 'आजोबा' हा २०१४ चा सिनेमा पाहिलाय त्यांना हे माहीत असेल. तो बिबट्या आपल्या पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला होता. २००९ मध्ये त्याला जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं आणि तो चालत थेट मुंबईकडे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला गेला. अशा पट्टे बांधलेल्या बिबट्यांच्या हालचालींवरून दिसलं की दिवसा ते दडून राहतात आणि रात्री घरांच्या जवळ येतात.

मग प्रश्न साहजिक आहे. हरिण नाही, तर हे खातात काय?

उत्तर विष्ठेत असतं. बिबट्या भक्ष्य खातो तेव्हा केसही पोटात जातात, आणि केस पचत नाहीत. विष्ठा गोळा करायची, धुवायची, वाळवायची, केस वेगळे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. केसाच्या बाहेरच्या थरावर खवल्यांसारखी नक्षी असते, आतल्या गाभ्याची रचना असते, जाडी असते. कुत्रा, शेळी, गाय, मांजर, उंदीर अशा प्रत्येकाची नमुना स्लाईड आधी करून ठेवलेली असते, तिच्याशी ताडून पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिले दोन महिने सगळे केस सारखेच दिसतात. कुत्रा, कोल्हा आणि खोकड यांचे केस ओळखताना तर अजूनही मी दुसऱ्या कुणाला तरी स्लाईड दाखवते, आधी माझं उत्तर न सांगता. ही सवय लावून घ्या. आपल्याला हवं ते उत्तर डोळ्यांना दिसायला फार वेळ लागत नाही.

त्याआधीची पायरी आणखी महत्त्वाची : विष्ठा बिबट्याचीच कशावरून? जिथे तरस आहेत, मोठी गावठी कुत्री आहेत, तिथे नुसत्या आकारावरून सांगणं धोक्याचं. म्हणून पेपरमध्ये 'खात्रीशीर बिबट्याच्या' अशा ८५ विष्ठा धरल्या आहेत. हा ८५ चा आकडा विसरू नका, पुढे लागेल.

निष्कर्ष असा. बायोमासच्या हिशेबाने बिबट्याच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के, सगळ्यात मोठा. त्याखालोखाल मांजर. शेळी फक्त ११ टक्के, आणि त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या.

आता थांबू या. '३९ टक्के' म्हणजे नक्की कशाचे ३९ टक्के? कोर्सवर्कच्या वर्गात हा प्रश्न आला तेव्हा आम्ही अकरा जणांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली. १०० बिबट्यांपैकी ३९ कुत्री खातात? १०० विष्ठांपैकी ३९ मध्ये कुत्र्याचे केस? मारलेल्या १०० प्राण्यांत ३९ कुत्री? तिन्ही चूक. खाल्लेल्या मांसाच्या अंदाजी वजनात कुत्र्याचा वाटा ३९ टक्के, असा त्याचा अर्थ आहे.

हा फरक किती मोठा आहे ते एका छोट्या हिशेबातून दाखवते. खालचे आकडे मी समजावण्यासाठी मनाने धरलेत, पेपरमधले नाहीत. समजा दहा विष्ठा मिळाल्या. पाचमध्ये उंदीर, तीनमध्ये कुत्रा, दोनमध्ये शेळी. नुसतं मोजलं तर उंदीर ५० टक्के, कुत्रा ३०, शेळी २०. बिबट्या म्हणजे मोठं मांजरच, उंदरांवर जगतंय, असं वाटेल.

पण एक उंदीर खाल्ला की एक विष्ठा होईल फार तर. एक कुत्रा खाल्ला की अनेक विष्ठा होतात. लहान प्राण्यात मांसाच्या मानाने केस जास्त, मोठ्यात कमी. हे दुरुस्त करायला एक जुनं सूत्र आहे. १९८४ मध्ये ॲकरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्यूमाला वेगवेगळ्या वजनाचे प्राणी खाऊ घालून ते काढलं, आणि बिबट्यावरच्या कितीतरी अभ्यासांत तेच वापरलं जातं :

एका विष्ठेमागचं मांस (किलो) = १.९८ + ०.०३५ × भक्ष्याचं वजन (किलो)

दोन किलोहून लहान प्राणी सहसा अख्खा खाल्ला जातो, त्याला सूत्र न लावता त्याचं वजनच धरतात. आता कुत्रा १८ किलोचा धरला तर एका विष्ठेमागे २.६१ किलो. शेळी २५ किलोची धरली तर २.८५५. उंदीर ०.२. गुणाकार करा : कुत्रा ३ × २.६१ = ७.८३ किलो, शेळी ५.७१ किलो, उंदीर १ किलो. एकूण १४.५४. म्हणजे कुत्र्याचा वाटा ५४ टक्के, शेळीचा ३९, आणि मघाशी पहिल्या नंबरावर असलेला उंदीर ७ टक्क्यांवर.

तिसरा चेहरा अजून बाकी आहे. मांसाला प्राण्याच्या वजनाने भागलं तर किती प्राणी मेले याचा अंदाज येतो. कुत्रा ०.४३५, शेळी ०.२२८, उंदीर ५. मारलेल्या प्राण्यांत उंदीर ८८ टक्के! त्याच दहा विष्ठा, तीन टेबलं, तीन गोष्टी. कोणी तुम्हाला 'आहारात अमुक टक्के' असं सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या टेबलातले.

अजून एक गंमत, जी मला स्वतः आकडेमोड करेपर्यंत कळली नव्हती. कुत्र्याचं वजन १८ ऐवजी १० किलो धरून बघा. गावाकडचं खरकट्यावर वाढलेलं कुत्रं तेवढंच असतं. वाटा ५४ वरून ५१ टक्क्यांवर येतो, फारसं काही बिघडत नाही. पण मेलेल्या कुत्र्यांची संख्या ०.४३५ वरून ०.६९९ होते, म्हणजे दीडपटीहून जास्त. एकच गृहीतक एका उत्तराला धक्का लावत नाही आणि दुसऱ्याला उलथवून टाकतं. व्हायवामध्ये 'हे वजन कुठून आणलं' असं विचारतात ते यासाठी.

आता मूळ मुद्द्यावर येते. शेळ्या सातपट, तरी ११ टक्के. कुत्री सातव्या हिश्श्याने, तरी ३९. डोक्यामागे हिशेब केला तर एका कुत्र्याच्या वाट्याला एका शेळीच्या जवळजवळ पंचवीसपट भार येतो. (३९ ला १ ने भागा, ११ ला ७ ने भागा, आणि दोन्ही उत्तरांचं गुणोत्तर काढा. हा माझा कच्चा हिशेब आहे. यात बायोमास आणि डोकी यांची सरमिसळ आहे, त्यामुळे थिसिसमध्ये असं करू नका.) इथे बातमीचा मथळा आपोआप तयार होतो : बिबट्याला कुत्रं आवडतं. हे वाक्य मी स्वतः एका सेमिनारमध्ये बोलले आहे. मागच्या बाकावरून एका सिनियरने विचारलं, "आवडतं, की मिळतं?"

संशोधनाच्या भाषेत 'सिलेक्शन' म्हणजे एखादी गोष्ट जितकी उपलब्ध आहे त्यापेक्षा जास्त वापरली जाणं. वापर आपण विष्ठेतून मोजला. उपलब्धता कशातून मोजली? गावात किती शेळ्या, किती कुत्री, या मोजणीतून. ही मोजणी दिवसा, घरोघर विचारून होते. बिबट्या मात्र रात्री येतो. रात्री शेळ्या कुठे असतात? गोठ्यात, जाळीच्या आत, पत्र्याच्या शेडमध्ये कडी लावून. मेंढपाळ तळावर वाघर लावतो. आणि कुत्रं? ओट्यावर, अंगणात, उकिरड्यावर, उसाच्या बांधावर, नाहीतर दारात साखळीला. संशोधकांनीही हेच कारण दिलंय : शेळ्या रात्री आत घेतल्या जातात, कुत्री मोकळी हिंडतात.

म्हणजे रात्री दोन वाजता बिबट्याच्या बाजूने पाहिलं तर सात शेळ्यांपैकी कदाचित एकही 'उपलब्ध' नाही आणि कुत्रं मात्र आहे. ३९ टक्क्यांत बिबट्याची आवड किती आणि आपण कुठला प्राणी आत घेतो, कुठला बाहेर ठेवतो याचा वाटा किती, हे विष्ठा सांगू शकत नाही. मला विचाराल तर दुसरा वाटा मोठा आहे. मामा फोनवर जे म्हणाला ते हेच होतं, फक्त त्याने 'उपलब्धता' हा शब्द वापरला नव्हता.

शेळी आत का असते, हे वेगळं सांगायला नको. शेळी विकली की पैसे येतात. ती गेली तर वनखात्याचा माणूस येतो, पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज होतो. कुत्रं गेलं म्हणून पंचनाम्याला कोणी जात नाही. पेपरच्या शेवटी लेखकांनी या दिशेने एक मुद्दा मांडलाय आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बिबटे कुत्र्यांवर भागवत असल्यामुळे किमती जनावरांचं नुकसान वाटतं त्यापेक्षा कमी आहे. तरीही लोक चिडतात, घाबरतात. त्यामागे बिबट्या घराजवळ फिरतो याची भीती आहे आणि पाळलेल्या कुत्र्याशी जडलेला जीव आहे. संघर्ष म्हणजे रुपयांतलं नुकसान अशी व्याख्या करून तुम्ही प्रश्नावली बनवलीत, तर हे दुःख तुमच्या डेटात येणारच नाही. मामाला खंड्याचे किती रुपये धरता? त्या आठवड्यात मामी भाकरी करताना सवयीने एक जास्त थापत होती. कुठल्या रकान्यात टाकायचं ते?

भीतीला कमी लेखू नका, हेही सांगते. २०२५ च्या शेवटी शेजारच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली आणि शेतात जाणारे लोक स्वतःच्या गळ्यात काटेरी पट्टे घालू लागले. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना असाच लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या गळा धरतो. मी खंड्याला घातलेल्या पट्ट्याला घुंगरू होतं. फोटोत छान दिसायचा.

३९ टक्क्यांना काय सांगता येत नाही, ते आता पाहू. केसावरून कुत्रा कळतो, कुणाचा कुत्रा ते कळत नाही. पाळीव की मोकाट, पट्टा होता की नाही, दिवसाला अंडं खाणारा की खरकटं, काही नाही. गावात तशी सरळ विभागणीही नसते. एकच कुत्रं तीन घरी खातं आणि चौथ्याच्या ओट्यावर झोपतं. जनगणनेला कोणी आलं तर चौघेही म्हणतात, 'आमचं नाही.' शिवाय ८५ विष्ठा एका भागातल्या, ठराविक काळातल्या. त्यावरून कोपरगावचा किंवा जामखेडचा बिबट्या काय खातो ते सांगणं म्हणजे भाताच्या एका शितावरून शेजाऱ्याच्या भाताची परीक्षा.

असे टक्के पुढे कुठे पोहोचतात, याचं उदाहरण मुंबईचं आहे. २०१८ मध्ये ब्राझकोव्स्की आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले सुमारे ३५ बिबटे वर्षाला जवळजवळ १५०० मोकाट कुत्री खात असावेत, त्यामुळे सुमारे १००० चावे टळत असावेत आणि रेबीजचे सुमारे ९० मृत्यू टळू शकतात, असा अंदाज त्यांनी मांडला. १५०० भागिले ३५ केलं की दर बिबट्यामागे वर्षाला ४३ कुत्री येतात, म्हणजे साडेआठ दिवसांत एक. अशक्य नाही. पण ही साखळी मोजून पाहा : विष्ठेतले केस, त्यावरून बायोमास, त्यावरून कुत्र्यांची संख्या (इथे आपलं १८ की १० किलो आठवा), त्यावरून चावे, त्यावरून मृत्यू. प्रत्येक कडीला आपापली अनिश्चितता आहे आणि ती पुढच्या कडीत जाते. लेखकांनी हे अंदाज म्हणून मांडलेत. व्हॉट्सॲपवर ते 'बिबट्यामुळे ९० जीव वाचतात' असं होऊन फिरतं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मग कुत्री दत्तक देऊच नयेत. तसं नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या पिल्लांचा पाठपुरावा केला होता. २०१६ च्या सायंटिफिक रिपोर्ट्समधल्या त्यांच्या पेपरनुसार ३६४ पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंत माणसाचा हात होता. खंड्या रस्त्यावर राहिला असता तर मामाकडे काढलेले आठ महिनेही कदाचित त्याला मिळाले नसते. दत्तक देणं बरोबरच होतं. चुकलं ते आम्ही काय विचारलं आणि काय विचारलं नाही, तिथे. कठड्याचं विचारलं, कारण फॉर्म बनवणारी मी फ्लॅटमध्ये राहत होते. लाड म्हणजे खाऊ, खेळणी, जॅकेट, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या पिशवीच्या पैशांत एक कडी आणि सहा फूट जाळी आली असती.

आता संशोधनाला बसणाऱ्यांसाठी. 'रात्री आत झोपणारी कुत्री वाचतात का?' हा प्रश्न मला छान वाटला आणि मी तो गाईडना नेऊन दाखवला. अर्ध्या तासात त्यांनी त्यात इतकी भोकं पाडली की मी वही मिटून बाहेर आले. ती भोकं इथे देते, कारण तुमच्याही प्रश्नाला ती पडणार आहेत.

पहिलं, आठवण. वस्तीवर जाऊन 'गेल्या दोन वर्षांत किती कुत्री गेली' असं विचारलं तर उत्तर मिळेल, पण ते कच्चं असेल. शेळी कधी गेली ते पंचनाम्याच्या तारखेने आठवतं. कुत्रं 'मागच्या गणपतीच्या आसपास कधीतरी' गेलेलं असतं. शिवाय सकाळी कुत्रं दिसलं नाही की 'वाघाने नेलं' असं म्हणतात. ते गाडीखाली गेलं असेल, माजावरच्या कुत्रीमागे गेलं असेल, विष खाऊन कुठे पडलं असेल. खंड्याचा पट्टा सापडला म्हणून आम्ही खात्रीने बोलतो, आणि तरीही पट्टा हा बिबट्याचा पुरावा नाहीच. मी बिबट्याला पाहिलं नाही. मामानेही नाही.

दुसरं भोकाड मोठं आहे. कुत्रं आत घेणारं घर कोणतं असतं? बहुधा पक्कं, कंपाउंड असलेलं, बाहेर दिवा असलेलं, रस्त्याला लागून. बाहेर ठेवणारं घर उसाच्या कडेचं, दोन खोल्यांचं. पहिल्या घरातली कुत्री जास्त जगली तर श्रेय कशाला, आत झोपण्याला की दिव्याला की रस्त्याला? नुसत्या सर्व्हेतून हे सुटं करणं अवघड आहे. घरांच्या जोड्या लावाव्या लागतात : तसंच घर, तसाच ऊस, तेवढंच अंतर, फरक फक्त झोपायच्या जागेचा. अशा जोड्या शंभर घरांतून पाच-सहा निघाल्या तरी नशीब.

मी म्हटलं, मग प्रयोग करू. निम्म्या घरांना जाळीचं खुराडं द्यायचं, निम्म्यांना नाही. गाईडनी चष्मा काढला. "आणि ज्यांना दिलं नाही त्यांच्या कुत्र्यांचं काय?" उपाय आहे; सगळ्यांनाच द्यायचं, पण टप्प्याटप्प्याने, आणि कुणाला आधी कुणाला नंतर ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. तोपर्यंत ज्यांची पाळी आली नाही ती घरं तुलनेला मिळतात. पण त्याला पैसे लागतात, एथिक्स कमिटी लागते, आणि दोन-तीन हिवाळे लागतात.

शेवटचं भोक मला आजही झोपू देत नाही. समजा सगळ्या वस्त्यांनी कुत्री आत घेतली. मग ते ३९ टक्के जातील कुठे? बिबटे कमी होतील, लांब जातील, डुकरं-मांजरं जास्त खातील, की गोठ्याची जाळी उचकटतील? एक दार बंद केल्यावर बिबट्या कुठल्या दारात जातो हे पाहायचं तर एका घराचा अभ्यास पुरत नाही, अख्ख्या खोऱ्याचा करावा लागतो. म्हणून माझ्या थिसिसमध्ये हा प्रश्न नाही. त्यातला एक छोटा तुकडा आहे : कुत्री रात्री असतात कुठे, एवढीच मोजणी. संध्याकाळी सात, रात्री अकरा आणि पहाटे पाच, ठरलेल्या रस्त्याने गाडीतून जायचं आणि दिसलेलं प्रत्येक कुत्रं नोंदवायचं. बांधलेलं, मोकळं, ओट्यावर, शेडमध्ये. कंटाळवाणं काम आहे. पण उपलब्धता मोजायची तर बिबट्याच्या वेळेला मोजायला हवी.

आमच्या ग्रुपचा फॉर्म मी बदलला. आता पहिलाच प्रश्न आहे : कुत्रं रात्री कुठे झोपणार? बहुतेक लोक लिहितात, 'मोकळं असतं की' किंवा 'राखणीला बाहेर'. मग फोन करून बोलावं लागतं. राखणीला ठेवलेलं कुत्रं आत बांधलं तर राखण कशी होणार, हा त्यांचा सवाल खरा आहे, आणि त्यावर माझ्याकडे असलेलं उत्तर एवढंच की जाळीच्या आतूनही ते भुंकतं. काही जणांना पटतं. दोघांनी रागाने फोन ठेवला.

मामाने गेल्या वर्षी दुसरं पिल्लू आणलं, माझ्याकडून नाही, शेजारच्या वस्तीवरून. ते शेळ्यांच्या शेडमध्ये, कोपऱ्यात पोत्यावर झोपतं. सुरुवातीला शेळ्या फार बिथरायच्या, आता त्यातली एक त्याला खेटून बसते. खंड्याची पिशवी मामीने ठेवली होती, तीही शेडमध्ये टांगलीय. जॅकेट या पिल्लाला होत नाही. रबरी हाड बोकडाने चावून फोडलं.